सावडीतलं न सांगितलेलं माणूस

मला सहसा कोणी लिहायला सांगत नाही. त्यामुळे या अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा आधी संशयच आला. कोणा नामवंत बाईंनी ऐन वेळी नकार दिला असणार आणि त्यांची पानं भरायची असणार. मी तसं विचारलंही. ते जरा थांबले आणि मग म्हणाले, "छे हो, तसं काही नाही." त्या थांबण्यामुळे माझा संशय बराच पक्का झाला. तरी मी हो म्हटलं, कारण एक गोष्ट सांगायची राहून गेली होती.

एवढ्यावरून माझा स्वभाव कळलाच असेल. भाजीवाल्याने कोथिंबीर वर घातली तरी ही जुडी उलटी करून बघते, असं माझा नवरा चारचौघांत सांगतो. बघावीच. पिवळी पानं नेहमी मधोमध दडवलेली असतात. मी संख्याशास्त्राची प्राध्यापक होते आणि संशय घेण्याचा मला दरमहा पगार मिळत होता. घरी आल्यावर तो स्वभाव दाराबाहेर चपलांसारखा काढून ठेवता येत नाही.

माझा विषय सांगायचा तर त्याचं भारदस्त नाव ऐकून लोक लगेच चहाचं विचारतात. बदलत्या जाळ्यांची बेजियन मॉडेलं. यातला बेजियन हा भाग अगदी घरगुती आहे. माझं शाळेचं वय जव्हारला गेलं. वडील तिथल्या सरकारी कचेरीत होते. जव्हारच्या स्टँडवर खोडाळ्याच्या गाडीची वाट बघणारा प्रत्येक माणूस ही पद्धत वापरतो. फळ्यावर वेळ लिहिलेली असते, त्यामुळे गाडी येईल असं आपण धरून चालतो. वेळ टळते, आपला विश्वास थोडा उतरतो. रोज त्याच गाडीने जाणारे गुरुजी पिशवी उचलून जीपकडे चालू लागतात, विश्वास आणखी उतरतो. मग कंट्रोलरच्या खोलीतून कोणीतरी पान चघळत बाहेर येतं आणि उगाच हसतं, तेव्हा आपणही जीपकडे निघतो. मनात आधी एक अंदाज धरायचा, पुरावा आला की तो अंदाज त्या मानाने सरकवायचा, बस्स. मी मुलांना सांगायचे, पूर्वग्रह खुशाल ठेवा, पण सैल ठेवा. पूर्ण शंभर टक्के खात्रीने सुरुवात केलीत तर पुढे कितीही पुरावा ओता, आकडा जागचा हलत नाही. गणितातच तसं आहे. याकडे पुन्हा यायचंय.

दुसरा भाग जाळ्याचा. कागदावर प्रत्येक घराचा एक ठिपका काढायचा. एका घरचं माणूस दुसऱ्या घरच्या कामाला गेलं की दोन ठिपक्यांत रेघ. पुढच्या आठवड्यात काही रेघा पुसल्या जातात, काही नव्या येतात. कोणती रेघ टिकेल, कोणती तुटेल आणि का, याचा अंदाज बांधणं हे माझं काम. निवृत्तीपूर्वीचा माझा शेवटचा प्रकल्प जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांत होता, आणि विषय होता सावड. भाताची लावणी, म्हणजे तिकडची आवणी, एकट्याच्या हातून उरकत नाही. आज तुमच्या शेतात मी, उद्या माझ्या शेतात तुम्ही, अशी हातांची अदलाबदल. घरातली तरणी माणसं कामाला ठाण्या-भिवंडीकडे जायला लागल्यावर ही सावड कशी टिकते, असा आमचा प्रश्न होता.

या नकाशांवर डोळा ठेवणारे लोक पहिल्यापासून भेटत होते. जव्हारला मी चुलतभावाच्या घरी उतरायचे. त्याच्या शेजारचे कापडवाले शेठ एकदा गप्पा मारायला आले आणि हळूच म्हणाले, "ताई, एवढं रेघांचं करता, तर माझ्याकडून उठलेलं गिऱ्हाईक समोरच्याकडे कोण कोण जातं तेवढं काढून द्या की." मी म्हटलं, "आणि मग तुम्ही काय करणार?" ते म्हणाले, "काही नाही, नुसतं बघून ठेवणार." नुसतं बघून ठेवणाऱ्या माणसाइतका माझा अविश्वास कोणावर नाही. त्यांच्या दुकानातून मी नंतर ब्लाउजपीससुद्धा घेतला नाही.

प्रत्यक्ष पाड्यांत फिरायची रेहाना. जव्हारचीच मुलगी, वडील बाजारात शिलाईचं दुकान चालवतात. आमच्या विभागात एम.एस्सी. होऊन माझ्याकडे संशोधनाला लागली होती. दर आठवड्याला घरोघर जाऊन ती दोनच प्रश्न विचारायची: तुमच्या शेतात कोणाकडचं माणूस आलं, आणि तुमचं माणूस कोणाकडे गेलं. उत्तरं टॅबलेटवर भरायची, संध्याकाळी ती माझ्याकडे ठाण्याला पोचायची.

आता मुद्द्याचं. त्या पाड्याचं नाव मी लिहिणार नाही. साखरशेत, जामसर या बाजूला असे पुष्कळ पाडे आहेत, त्यांतला एक समजा. माणसांची नावं बदलली आहेत आणि काही खुणाही. कोणत्या ते शोधत बसू नका. शोधणाऱ्याबद्दल मला काय वाटेल ते आता तुम्हाला माहीत आहे.

या पाड्यात यसोदाआजी म्हणून एक विधवा राहत होत्या. मूलबाळ नाही, गुडघे गेलेले, डोंगराच्या पायथ्याशी भाताचा छोटा तुकडा आणि उतारावर थोडी नागली, म्हणजे नाचणी. पहिल्या वर्षी त्यांच्या ठिपक्याचं झालं ते अपेक्षित होतं. आवणीला शेजारच्या दोन-तीन घरांनी हात दिला. आजींना वाकता येत नाही, त्यामुळे त्यांच्याकडून परतफेड नाही. पुढच्या कामाला एकच घर आलं, कापणीला तेही पुढे-मागे झालं. कोणी वाईट वागलं असं नाही. परत न येणारी रेघ झिजत जाते, एवढंच.

दुसऱ्या वर्षी आकडे वेगळं बोलायला लागले. आवणीला अर्धा पाडा यसोदाआजींच्या तुकड्यात गेला. पुढे बेणणीला, म्हणजे तण काढायला, तीच घरं पुन्हा गेली. नागलीच्या वेळी आणखी दोन घरं वाढली. आणि यसोदाआजींकडून कोण आलं या प्रश्नाला प्रत्येक घराचं उत्तर एकच: कोणी नाही. देणं चालू, घेणं शून्य, आणि तरी रेघा जाड होत चाललेल्या. माझं मॉडेल दर आठवड्याला भाकीत करायचं की आता या तुटणार, आणि दर आठवड्याला तोंडावर पडायचं.

माझा पहिला संशय अर्थातच रेहानावर गेला. तो माझ्या धंद्यातला पहिला नियम आहे. माहिती गोळा करणारी पोरं दमतात, चिखल असतो, आणि मग झाडाखाली बसून उत्तरं भरली जातात. अशा भरलेल्या उत्तरांचा एक वास असतो. मी अनेकांना त्यावरून पकडलंय. मी फोन केला आणि आडपडदा न ठेवता विचारलं, "रेहाना, त्या पाड्यात तू खरंच जातेस ना?"

"मॅडम, हा प्रश्न तुम्ही फार उशिरा विचारला," ती म्हणाली. "मी पहिल्या महिन्यापासून दर फेरीला तिथल्या बोअरिंगचा फोटो काढून ठेवलाय. पाठवते."

फोटो आले. हापसा तोच, मागचं शेत बदलत गेलेलं, एका फोटोत हापशाला बांधलेली शेळी. शिष्या चांगली तयार झाली होती. मला बरं वाटलं आणि फोटोंच्या वेळा मी तरीही तपासल्या.

मग दुसरे संशय. लोकांना दया आली असेल? पण दयेच्या रेघा कशा झिजतात हे पहिल्या वर्षाने दाखवलं होतं. आजी मजुरी देत असतील? रेहानाने विचारलं तर लोक हसले. पाड्याने आपसांत ठरवून खोटं सांगायचं ठरवलंय? तसं असतं तर सगळंच खोटं असतं, आणि बाकीच्या रेघा तर अगदी खऱ्यासारख्या वेड्यावाकड्या होत्या. शेवटी उरली एकच शक्यता. यसोदाआजींच्या घरून कोणीतरी पाड्याच्या शेतांत राबत होतं, आणि त्या माणसाचं अस्तित्व कोणी सांगत नव्हतं.

यादीत नसलेल्या माणसावर कॉम्प्युटर संशय घेऊ शकत नाही, त्याला तशी मुभा द्यावी लागते. मी मॉडेलमध्ये एक रिकामा ठिपका ठेवला, न सांगितलेल्या माणसाचा, आणि म्हटलं, आता बघ कसं जुळतं. सगळं जुळलं. हा आनंद बाहेरच्या माणसाला समजावता येत नाही. न बघितलेलं माणूस मी नुसत्या रेघांवरून हुडकून काढलं होतं. मी खुर्चीत एकटीच हसले, नवऱ्याला बोलावून ठिपका दाखवला, आणि त्याने "छान आहे" म्हटलं, पण तो पाहिला नाही.

कापणी सुरू होता होता मी जव्हारला गेले. त्याच सुमाराला एका स्थानिक वर्तमानपत्रात आमच्या कामाबद्दल चार ओळी आल्या होत्या, गावोगावच्या नात्यांचा नकाशा वगैरे. दुसऱ्या दिवशी सकाळी भावाच्या घरी एक गृहस्थ मला भेटायला आले. तिशी-पस्तिशीचे, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ. मोखाड्याकडून आलोय, महिलांना मदत करणाऱ्या संस्थेचं काम करतो म्हणाले. वहिनीने चहा दिला. बशी धरलेल्या हाताची करंगळी कधीतरी मोडून वाकडी बसलेली होती.

"तुमच्या नकाशात म्हणे कुठल्या घरात बाहेरून माणूस येऊन राहिलं तर कळतं?" त्यांनी विचारलं.

पेपरात असं काही छापलेलं नव्हतं. मी म्हटलं, "असं का वाटलं तुम्हाला?"

"आमच्याकडची एक बाई घरातून निघून गेलीय. चार-पाच महिने झाले. घरच्यांना काळजी आहे. तिकडच्या पाड्यांत कुठंतरी असल असं कळलं. घर कळलं तरी पुरे."

"कोणती संस्था तुमची?"

त्यांनी एक नाव सांगितलं, इतकं साधारण की अशा नावाच्या संस्था जिल्ह्यात दहा निघतील. मग मी काही न बोलता चहा घेत राहिले. शांत बसलं की माणसं आपोआप पुढचं बोलतात, हे मी तोंडी परीक्षांत शिकले. ते म्हणाले, "तिला काय करनार नाय आमी."

मी विचारलंच नव्हतं. आता बेजियन बाईचं डोकं कसं चालतं बघा. ज्याला खरोखर काळजी आहे तो माणूस, कोणी न विचारता, "तिला काही करणार नाही" असं किती वेळा म्हणेल? क्वचित. आणि ज्याच्या मनात दुसरंच काही आहे तो किती वेळा म्हणेल? पुष्कळदा. शिवाय ती जेवतखात असेल का, आजारी तर नसेल, असं त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. फक्त घर विचारलं होतं. माझा अंदाज झपाट्याने सरकला. मी सांगितलं, "आमच्या नकाशात माणसं नसतात हो, नुसते आकडे असतात. मलाच त्यातलं कळत नाही." ते हसले, उठले, आणि निघताना पेपराचं कात्रण मागे ठेवून गेले, त्यावर फोन नंबर लिहून. कळलं तर सांगा म्हणाले.

दार लावून मी रेहानाला फोन केला. आदल्या दिवशीपर्यंत तो ठिपका माझी करामत होता. आता तो एक बाई होता आणि तिचं घर जगात दोन ठिकाणी नोंदलेलं होतं: पाड्याच्या मनात आणि माझ्या कॉम्प्युटरमध्ये.

आम्ही लगेच निघालो. रेहानाने स्कूटर काढली, शेवटचा तुकडा पायी गेलो. यसोदाआजींच्या भाताची कापणी चालली होती. बायकांची ओळ वाकून पुढे सरकत होती आणि आजी बांधावर बसून पेंढ्या आवळत होत्या. मला बघून विळे थांबले. रेहानाला ते ओळखत होते, मला नाही.

"ही बाई कोन?" आजींनी रेहानाला विचारलं.

"माझ्या मॅडम. तुम्ही सांगता ते सगळं यांच्याकडे जातं."

"मा आता बघाय आली का," आजी म्हणाल्या. त्या माझ्याशी एकेरीतच बोलल्या, तिकडची रीत तशी आहे; तिकडचं 'मा' म्हणजे आपलं 'मग', आणि 'अठ' म्हणजे 'इथं'. "बस. बघ. अठ काय नाय बघाय."

मी बांधावर बसले. तुमच्याकडे कोण आहे, हे मी विचारलं नाही. सकाळी कोण आलं होतं तेवढं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. मोखाड्याकडचा माणूस, मऊ बोलणारा, संस्थेचं नाव सांगणारा. सगळ्या चेहऱ्यांवर तोच संशय होता जो मी आयुष्यभर दुसऱ्यांवर रोखत आले, आणि तो आपल्यावर रोखलेला असला की कसा लागतो ते मला त्या दिवशी कळलं. हीच बाई त्याला घेऊन आली नसेल कशावरून, असा त्यांचा विचार असणार. त्यांच्या जागी मी तोच केला असता.

मग ओळीच्या टोकाची एक बाई सरळ झाली. पंचविशीच्या आसपासची, उंच, विळा हातात तसाच.

"त्याची करंगळी वाकडी आहा का?" तिने विचारलं.

मी मान हलवली.

"तो माझा दीर."

बाकीच्या बायकांनी तिच्याकडे पाहिलं, पण कोणी अडवलं नाही. ती बांधावर आली आणि उभ्या उभ्याच तिने सांगितलं. दिराचं लहान मूल तापाने गेलं होतं. त्याच दिवशी ही त्यांच्या घरी भाकरी द्यायला गेली होती, तेवढंच निमित्त. कोणीतरी देवऋष्याला विचारलं, आणि ही भुताळी आहे, हिनेच पोर खाल्लं असा ठपका आला. नवरा गप्प राहिला. मारहाण झाली. ती रात्र उलटायच्या आत घर सोडून निघाली.

"मी त्याला इचारलं," ती म्हणाली, "काय करू मंजे तुला पटंल का मी नाय? देवाला हात लावू? इस्तवात हात घालू? तो सांगं, काय पन कर, मला म्हाईत आहा तूच."

मी वर्गात वर्षानुवर्षं हेच शिकवलं होतं. शंभर टक्क्यांनी सुरुवात केली की पुरावा वाया जातो. फळ्यावर ते दोन ओळींत सिद्ध होतं आणि मुलं उतरवून घेतात. माझ्यासमोर ते सिद्ध झालेलं गणित विळा घेऊन उभं होतं आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

"तुम्हाला ती कुठे भेटली?" मी आजींना विचारलं.

"खोडाळ्याच्या बाजाराला गेलती मी. वाटंला बसलेली. मी इचारलं, आवणी येते का तुला? ती बोलली, येते. मा चल बोलले."

"आणि बाकी काही विचारलं नाही?"

"मांगशी सांगलं तिनं. तवर तिनं माझं शेत आवलंतं."

पोलिसांत जाऊ, असल्या छळाविरुद्ध कायदा आहे, असं रेहानाने सांगितलं. बाईने विचारलं, "पोलीस येतील आन जातील. मा मी कठं राहू?" आता नको, असं ती म्हणाली.

निघता निघता मला राहवलं नाही. पेंढ्या उचलणाऱ्या एका बाईला मी विचारलं, "तुम्ही सगळ्यांनी हिला एवढं लपवलंत. मग यसोदाआजींकडे आम्ही कामाला जातो, हे तरी रेहानाला कशाला सांगितलंत? जात नाही म्हटलं असतं तर मला काहीसुद्धा कळलं नसतं."

तिला माझा प्रश्नच समजेना. मग समजल्यावर राग आला. "जाऊन नाय गेले कसं सांगू? तिनं माझं अख्खं शेत आवलं. सावड आहा ती."

माणूस लपवण्यात त्यांना काही वाटलं नव्हतं, ते करायलाच हवं होतं. पण फेडलेली सावड नाकारायची, हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. तेवढ्या एका फटीतून मी आत डोकावले होते, आणि माझ्यासारखं दुसरं कोणीही डोकावू शकलं असतं.

ती उंच बाई पुन्हा ओळीत जाताना थांबली. "बाई, मी एवढ्या शेतांत काम केलं. मा तू ते कोनाच्या नावावर लिवलंस?"

"कोणाच्याच नाही," मी म्हटलं.

"हं," ती म्हणाली आणि वाकून कापायला लागली.

ठाण्याला परतल्यावर खरी पंचाईत सुरू झाली. पैसे देणाऱ्या संस्थेची अट होती की घरनिहाय सगळी माहिती, नावं काढून, सर्वांसाठी खुली करायची. नावं काढून काय होतं? पाड्यात म्हातारी एकटी विधवा एकच. ज्याला थोडंफार संख्याशास्त्र येतं त्याला माझ्यासारखाच तो रिकामा ठिपका सापडला असता, आणि ज्याला येत नाही तो येणाऱ्याला गाठू शकत होता. वाकड्या करंगळीचा माणूस मला शोधत आलाच होता की.

दुसरा मार्ग सोपा होता. चार रेघा इकडच्या तिकडे. आकडे बनवणाऱ्यांना मी इतकी वर्षं पकडलं होतं की न पकडले जाणारे आकडे कसे बनवायचे हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? हात शिवशिवले, खोटं कशाला बोलू. पण त्या बाया जाऊन न गेल्याचं सांगू शकल्या नव्हत्या, आणि मी ते त्यांच्या वतीने सांगणार होते. ते मला जमेना.

मी तो पाडा अख्खा काढून टाकला. अहवालात लिहिलं: एका पाड्याची माहिती वगळली आहे, कारण देता येत नाही. शोधनिबंधाच्या परीक्षकांनी काय लिहिलं असेल याचा अंदाज मला आधीच होता. लेखिकेच्या मांडणीच्या आड येणारा भाग नेमका वगळला असावा असा दाट संशय येतो, असं त्यांनी लिहिलं. त्यांचा संशय शंभर टक्के शास्त्रशुद्ध होता. मी परीक्षक असते तर याहून कडक लिहिलं असतं. आणि गंमत अशी की परतफेड होते तीच रेघ टिकते, या माझ्या मांडणीचा वगळलेला पाडा हाच सगळ्यात भक्कम पुरावा होता. निबंध छापला गेला नाही. माझं सर्वांत चांगलं काम कोणी पाहिलं नाही, याचं मला वाईट वाटतं. निरोप समारंभात विभागप्रमुख माझ्या सचोटीबद्दल बोलले तेव्हा दुसऱ्या रांगेत कोणीतरी खाकरलं. सर्दीही असेल.

तो गृहस्थ आणखी एकदा भावाच्या घरी येऊन गेला. पुढच्या वर्षी मात्र ती बाई स्वतःच रेहानाला म्हणाली, चला पोलिसांत. पाड्यातल्या बाया तिच्याबरोबर जव्हारला गेल्या, आळीपाळीने, एकीचं काम दुसरीने सांभाळून, जशी आवणी करतात तशा. तक्रार झाली. दिराला बोलावून समज दिली, केस अजून चालू आहे. तो शांत बसलाय असं सांगतात. माझा त्याच्यावर विश्वास नाही आणि पाड्याचाही नाही, तेच बरं आहे. ही हकिगत लिहू का, असं रेहानामार्फत विचारलं तेव्हा बाईचा निरोप आला: लिव, पन खरी लिव.

सावडीचं काम आता रेहाना स्वतःच्या जबाबदारीवर करते. ती माहिती ती कोणाला देत नाही, पण यंदाच्या आवणीची मला बघायला घेऊन आली, जुनी खोड म्हणून. मी बनवलेला तपासणीचा प्रोग्राम अजून चालू आहे. विसंगत उत्तर आलं की तो तांबडी खूण करतो, आणि तांबडं दिसलं की जागेवर जाऊन बघायचं हा माझा नियम. यंदा तो पाडा तांबडा भडक झाला होता. यसोदाआजींकडून कोण आलं, या प्रश्नाला घरामागून घराने एकच उत्तर दिलं होतं: सून. आणि प्रोग्राम प्रत्येक ओळीवर कुरकुरत होता की या घरात मुलगा नोंदलेला नाही, तेव्हा सून असू शकत नाही.

मी चष्मा पुसला. यसोदाआजींच्या ठिपक्यातून पाड्यातल्या बहुतेक ठिपक्यांना रेघा गेल्या होत्या.

"मॅडम, तुमचा नियम आहे," रेहाना म्हणाली. चेहरा गंभीर ठेवायचा तिचा प्रयत्न मला दिसत होता. "उद्या जाऊन तपासून येऊ का?"

"नको."

"मग नातं काय लिहू?"

"पाड्याने सांगितलंय ते. सून."